नाव न विचारणारी वाट



गटाच्या बैठकीला कधी डॉक्टरीणबाई येतात. पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी, छातीतल्या गाठीविषयी सांगतात आणि शेवटी विचारतात, "कुणाला काही विचारायचंय का?" सगळ्या गप्प. मग एखादी जाणती बाई रिकामा डबा फिरवते. नाव लिहायचं नाही, चिठ्ठीवर नुसता प्रश्न लिहायचा. बघता बघता डबा भरतो. प्रश्न आधीपासूनच होते, पण त्यांना आपलं नाव चिकटेल या भीतीनं ते बाहेर येत नव्हते.

आज मी अशाच एका डब्याविषयी बोलणार आहे. हा डबा इंटरनेटवर आहे आणि त्याचं नाव टॉर. तो कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं आपापला कॉम्प्युटर चालू ठेवून तो चालवतात, त्याबद्दल पैसे मागत नाहीत. अशा प्रत्येक कॉम्प्युटरला रिले म्हणतात. रिले काय करतो, तो कसा बसवायचा, अडला तर कुठे बघायचं आणि त्यातलं आपल्या गटाला काय जमेल, ते सांगते.

आधी हे हवं कशाला, ते बघू. आपण फोनवर काही शोधतो तेव्हा समोरच्या वेबसाइटला आपल्या कनेक्शनचा पत्ता दिसतो. नेट पुरवणाऱ्याला आपण कुठल्या साइटवर गेलो ते कळू शकतं. फोनमध्ये आपलं खातं उघडं असेल तर आपण काय शोधलं ते त्या खात्यात नोंदलं जातं. लग्नाच्या भाकऱ्यांची कृती शोधली तर काही बिघडत नाही. पण "नवरा मारतो, कायदा काय सांगतो", "एचआयव्हीची तपासणी कुठे होते", "मुलगी म्हणते शाळेत कुणीतरी हात लावला, आता काय करू" असं शोधणाऱ्या बाईला त्या नोंदीची भीती वाटते. आणि भीती वाटली की ती शोधायचंच सोडून देते.

काहीजणी म्हणतील, चांगल्या घरच्या बाईला लपवायचं काय असतं? त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. 1863 साली ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं आणि मूल हवं तर न्यावं, नको तर तिथेच ठेवावं, अशी सोय होती. नाव बाहेर फुटणार नाही हा भरवसा होता, म्हणून बाया आल्या आणि जीव वाचले. पुढे अशाच एका विधवेचं मूल फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. तोच यशवंत, जो शिकून डॉक्टर झाला. नाव झाकणं म्हणजे पाप झाकणं नव्हे. कधी कधी तो जीव वाचवायचा उपाय असतो.

आता आमच्या भागाकडे येते. मी बदलापूरची. 2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाचं नाव देशभर गेलं. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाले आणि 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट जपली जायला हवी होती, ती म्हणजे त्या मुलींची ओळख. कायदा तेच सांगतो. पॉक्सो कायद्याचं कलम 23 आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे बलात्कार झालेल्या व्यक्तीचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापलं, पसरवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नाव झाकण्याची किंमत कायद्यालाही कळते. पण हा कायदा गुन्हा पुढे आल्यावर कामाला येतो. त्याच्या आदल्या रात्री जी आई एकटी बसून फोनवर शोधत असते, तिच्यावर कोण पांघरूण घालणार? टॉरसारखी वाट तिच्यासाठी आहे.

ही वाट चालते कशी? आपल्या लोकलनंच समजून घेऊ. कर्जतकडून कल्याणला जाताना वांगणी जाते, मग बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी स्टेशनं लागतात. समजा वांगणीच्या एका बाईला कल्याणच्या डॉक्टरांना प्रश्न विचारायचाय, पण नाव कळू द्यायचं नाही. ती प्रश्न एका पाकिटात घालते आणि वर डॉक्टरांचा पत्ता लिहिते. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालते, ते फक्त उल्हासनगरच्या बाईला उघडता येतं. ते आणखी एका पाकिटात, जे फक्त अंबरनाथच्या बाईला उघडता येतं. आणि ते सगळं सर्वांत बाहेरच्या पाकिटात घालून बदलापूरच्या बाईच्या हातात देते.

बदलापूरची बाई आपलं पाकीट उघडते. आत दुसरं बंद पाकीट, त्यावर लिहिलेलं असतं, "अंबरनाथला दे." तिला प्रश्न कुणी पाठवला ते माहीत आहे, पण प्रश्न काय आणि कुणाला, ते माहीत नाही. अंबरनाथच्या बाईला पाकीट बदलापूरहून आलं आणि उल्हासनगरला द्यायचं, एवढंच कळतं. उल्हासनगरची बाई शेवटचं पाकीट डॉक्टरांकडे पोचवते. कुठे पोचवलं ते तिला माहीत, पण मूळ कुणाकडून आलं ते नाही. उत्तर त्याच वाटेनं, तसंच पाकिटात बंद होऊन परत येतं. तिघींनी मिळून निरोप पोचवला, पण अख्खी गोष्ट एकीलाही माहीत नाही. कुणी एकीला धमकावलं तरी तिच्याकडे सांगायला पूर्ण गोष्टच नसते.

या तिघी म्हणजे तीन रिले. आता तिघी सख्ख्या जावा असल्या तर? संध्याकाळी चहाला बसल्या की गुपित संपलं. म्हणून टॉर तीन वेगवेगळ्या लोकांचे, वेगवेगळ्या जागचे रिले निवडतं, बहुधा वेगवेगळ्या देशांतले. एकाच माणसाचे दोन रिले असले तर त्यानं तसं आधी जाहीर करायचं, हा नियम आहे.

ही कल्पना निघाली 1990 च्या दशकात, अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर, म्हणून खूणही कांद्याचीच. 2002 मध्ये टॉर सुरू झालं, 2003 मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं, आणि 2006 पासून टॉर प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था ते सांभाळते. नौदलानं आपली गुप्त वाट सगळ्यांना का खुली केली? चिठ्ठ्यांचा डबा आठवा. डब्यात एकच चिठ्ठी असेल तर ती कुणाची ते न सांगता कळतं. पन्नास असल्या की नाही कळत. आज असे सात-आठ हजार रिले जगभर चालू आहेत.

ही वाट वापरायची तर अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअरवर टॉर ब्राउझर मोफत मिळतं. पण मर्यादा नीट ऐका. त्यातून तुम्ही स्वतःच्या नावाच्या खात्यात शिरलात, फॉर्मवर फोन नंबर लिहिलात, की नाव उघडं पडलंच. उल्हासनगरची बाई आठवते ना? साइटच्या पत्त्याशी कुलपाची खूण नसेल तर शेवटचा रिले आतला मजकूरही वाचू शकतो, म्हणून कुलूप बघूनच पुढे जायचं. टॉर ब्राउझर बंद केल्यावर काय बघितलं याची यादी मागे ठेवत नाही, पण उतरवून घेतलेला फोटो किंवा कागद फोनमध्येच राहतो, आणि फोन घरातलं दुसरं कुणी तपासत असेल तर ब्राउझरची कांद्याची खूण त्यालाही दिसते. आणि सरकारनं नेटच बंद केलं तर टॉरही बंद. त्या ऑगस्टमध्ये बदलापुरात नेट बंद होतं. हमरस्ता उखडला की त्यातून फुटणारी पायवाटही जाते. शिवाय जीवाला धोका असेल तेव्हा शोधत बसू नका. मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181, पोलिसांसाठी 112, सरळ फोन लावा.

आता रिले बसवण्याकडे येऊ. तुमच्या मुलीनं, भाचीनं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं असेल तर तिला हा भाग जवळ बसवून ऐकवा.

रिले तीन प्रकारचे, आपल्या तीन बायांसारखे. पहिला आणि मधला रिले नुसती बंद पाकिटं पुढे देतो. शेवटच्याला एक्झिट रिले म्हणतात. बाहेरच्या जगाला त्याचाच पत्ता दिसतो. कुणी या वाटेनं वाईट काम केलं तर तक्रार त्याच्या दारात येते. वाईट लोक ही वाट वापरतात का? वापरतात. एसटीतून पाकीटमारही जातो, म्हणून एसटी बंद होत नाही, पण चौकशी झाली की पहिला त्रास कंडक्टरला. म्हणून घरातून एक्झिट रिले कधीही चालवायचा नाही, हा टॉरवाल्यांचाच सल्ला आहे.

मधल्या रिलेला काय लागतं? महागडं काही नाही. जुना लॅपटॉप चालतो, त्यात लिनक्स टाकायचं. पण नेट चांगलं हवं. येण्याचा निदान 10 एमबीपीएस आणि जाण्याचाही तेवढाच वेग. आपण बहुतेक येण्याचा वेग बघून प्लॅन घेतो. इथे जितकं येतं तितकंच पुढे जातं, म्हणून जाण्याचा वेग आधी तपासा. आता हिशोब करा. 10 एमबीपीएस अखंड चाललं तर दिवसाला 108 जीबी येतं आणि 108 जीबी जातं. महिन्याला येऊन-जाऊन साडेसहा हजार जीबीच्या आसपास. घरच्या प्लॅनची मर्यादा यात सहज उडते. म्हणून आधी प्लॅनच्या अटी वाचा. घरच्या कनेक्शनवर असं काही चालवायला मनाई आहे का तेही बघा.

टॉर बसवलं की टॉरआरसी नावाची एक साधी फाइल असते. सगळी मांडणी तिथेच. निकनेमच्या ओळीत रिलेचं नाव, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून 19 पर्यंत, मध्ये जागा सोडायची नाही. कॉन्टॅक्टइन्फोच्या ओळीत ईमेल. हा सगळ्या जगाला दिसतो, म्हणून घरचा देऊ नका, वेगळा काढा. ओआरपोर्ट म्हणजे दाराचा नंबर, बहुतेक जण 9001 किंवा 443 देतात. एक्झिटरिलेपुढे शून्य, म्हणजे आम्ही शेवटचे होणार नाही. मग दोन ओळी काटकसरीच्या. रिलेबँडविड्थरेटनं वेगाला लगाम बसतो. अकाउंटिंगमॅक्सनं महिन्याची मर्यादा ठरते. ती संपली की रिले आपोआप झोपतो आणि पुढच्या महिन्यात उठतो. फाइल जतन केली, टॉर पुन्हा चालू केलं की झालं. तीनेक तासांत टॉरच्या यादीत तुमच्या रिलेचं नाव दिसायला हवं.

नाही दिसलं तर? घाबरायचं नाही. पाण्याची मोटर चालत नसली की आपण आधी वीज बघतो, मग फूट व्हॉल्व्ह, मग मोटर. इथेही तसंच, एकेक करून.

पहिलं, दार उघडं आहे का? टॉर आपली नोंदवही लिहीत असतं, तिला लॉग म्हणतात. बाहेरून तुमच्या दारापर्यंत पोचता येतंय की नाही, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. पोचता येत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या नंबरचं दार तुमच्या कॉम्प्युटरकडे वळवावं लागतं. कॉम्प्युटरची फायरवॉलही बघा. खोलीचं दार उघडून उपयोग नाही, अंगणाचं फाटकही उघडं हवं.

दुसरं, आपल्याकडे सगळ्यात जास्त अडवणारं. बऱ्याच ठिकाणी नेटवाला अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतो. अख्ख्या चाळीला एकच पत्ता आणि खोली नंबरच नाही, तर पोस्टमन पत्र कुणाला देणार? हे ओळखायचं कसं? राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता आणि "माझा पत्ता काय" हे सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे असले, किंवा राउटरमधला पत्ता 100.64 ते 100.127 यांत सुरू होत असला, तर तुम्ही चाळीत आहात. मग कितीही दारं उघडा, रिले पोचणार नाही. नेटवाल्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो, त्याचे बहुधा जादा पैसे पडतात.

तिसरं, घड्याळ. जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा सेल संपलेला असतो. वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते. घड्याळ चुकीचं असेल तर बाकीचे रिले त्याच्याशी बोलत नाहीत. तारीख-वेळ नेटवरून आपोआप लागेल असं करून ठेवा आणि सेल बदला.

चौथं, वीज. पावसाळ्यात आमच्याकडे वीज येते-जाते, तुमच्याकडेही. रिले सारखा बंद पडला की त्याच्यावरचा भरवसा कमी होतो. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता लॅपटॉप चालू राहून राउटर बंद पडला तर काय कामाचं? आणि झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, ते सेटिंगमधून बंद करा.

पाचवं, सगळं ठीक आहे पण रिले रिकामाच बसलाय. हा बिघाड नाही. गटात नवी बाई आली की पहिल्याच महिन्यात तिला पन्नास हजारांचं कर्ज देतो का आपण? आधी तिची बचत बघतो, हजेरी बघतो. टॉरही तेच करतं. पहिले तीन दिवस अगदी थोडं काम येतं, कारण वेग मोजला जात असतो. आठव्या दिवसानंतर तो पहिल्या बाईच्या जागेसाठी पात्र ठरू शकतो. तेव्हा काम मध्येच कमी झालेलं दिसतं. तेही नेहमीचंच. नीट बस्तान बसायला दोनेक महिने लागतात. घाईनं सगळं पुसून पुन्हा बसवलं तर मोजणी परत पहिल्यापासून. रिलेची ओळख एका किल्ल्यांच्या फोल्डरमध्ये असते. गटाचं रजिस्टर जपतो तशी त्याची एक प्रत वेगळी ठेवा, पण कुणाला देऊ नका.

सहावं, घरातल्यांच्या तक्रारी. "तुझ्या त्या रिलेमुळे माझा सिनेमा अडकतो." वेगाचा लगाम कमी करा. दुसरी तक्रार, एखादी साइट उघडतच नाही. रिलेंचे पत्ते जाहीर असतात, आणि काही साइटी त्या यादीतल्या प्रत्येक पत्त्याला अडवतात, तुमचा रिले एक्झिट नसला तरी. घरात त्याच नेटवरून बँकेची कामं होत असतील तर याचा विचार आधी करा.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, नको बाई, हे आमच्यानं होणार नाही. तर सगळ्यांना जमेल असं एक काम शेवटी राखून ठेवलंय. त्याचं नाव स्नोफ्लेक.

काही देशांत टॉरची वाटच अडवतात. जाहीर यादीतल्या पत्त्यांवर पहारा बसतो. रशियानं 2021 च्या डिसेंबरमध्ये ते केलं. इराणमध्ये 2022 च्या सप्टेंबरात महसा अमिनी ही तरुणी हिजाबच्या नियमावरून पकडली गेली आणि कोठडीत असताना मरण पावली. तिथल्या बायका रस्त्यावर आल्या, आणि सरकारनं नेटवर बंधनं घातली. तेव्हा स्नोफ्लेकचा वापर तिथे एकदम वाढला. स्नोफ्लेक म्हणजे बर्फाचा कण. जगभरातल्या साध्या माणसांच्या ब्राउझरमधून क्षणभराची वाट उघडते, काम झालं की मिटते. अशा हजारो कणांवर पहारा बसवणं अवघड.

हे चालवायला लिनक्स नको, टॉरआरसी नको, स्वतंत्र पत्ताही नको. चाळीतल्या पत्त्यावरूनही चालतं. कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्स किंवा क्रोम ब्राउझरमध्ये स्नोफ्लेकचं एक्स्टेन्शन घ्यायचं आणि चालू करून ठेवायचं. बस्स. पलीकडची बाई तुमच्यातून फक्त टॉरच्या दारापर्यंत जाते, तिथून पुढे तिचा प्रवास वेगळा. त्यामुळे ती ज्या साइटवर जाते तिथे तुमचा पत्ता दिसत नाही. तुम्हाला तिचं पाकीट बंदच दिसतं. थोडा डेटा जातो, म्हणून मोबाइलच्या मोजक्या डेटावर नको, घरच्या ब्रॉडबँडवर लावा. मी बदलापूरला घरच्या लॅपटॉपवर तेच चालवते. त्याची खूण रंग बदलते तेव्हा कळतं, कुणीतरी आत्ता या वाटेनं चाललंय. कोण, कुठलं, मला कधीच कळणार नाही, आणि कळूही नये.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, चिठ्ठ्यांचा डबा नसेल तर सुरू करा, त्याला नेटही लागत नाही. दोन, पाकिटात पाकीट घालून तीन बायांचा खेळ करून दाखवा. पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. तीन, ज्या घरात ब्रॉडबँड आणि कॉम्प्युटर आहे, तिथल्या मुलीला स्नोफ्लेक लावायला सांगा. आणि तिच्यात उमेद दिसली तर हे भाषण तिच्या हातात द्या, रिलेही बसवेल ती.

आपल्या आया-आज्यांनी किती जणींची गुपितं पदराआड जपली, कुणाला सांगितली नाहीत. तेच काम आता आपण वायरीतून करायचंय, ज्या बाईला आपण ओळखत नाही तिच्यासाठी.